क्लचप्लेट उतरवायच्या आधी मास्टर सिलेंडर बघा

सिग्नलला क्लचचं पेडल दाबून धरलं की गियर पडत नाही आणि दोनचारदा पंप केलं की पडतो म्हणताय, तर हे प्लेट झिजल्याचं लक्षण नाहीये हो, प्लेट झिजली की रेस वाढते पण गाडी ओढत नाही. इथे क्लच चालवणाऱ्या फ्लुइडचं प्रेशर टिकत नाहीये. बाहेर कुठेच ओल नसेल तर मला मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबलं की फ्लुइड पुढे ढकलतो तो) आतल्या सीलवरच संशय आहे, फ्लुइड सीलच्या बाजूने निसटून परत डब्यात जातं म्हणून लेव्हल उतरतच नाही आणि मग उगाच प्लेटचा खर्च गळ्यात पडतो. तरी स्लेव्ह सिलेंडरचं (त्या प्रेशरने क्लच सोडवतो तो) रबर बूट उचलून आत ओलं आहे का बघा, एकदा ब्लीडिंगही, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, करून घ्या. फ्लुइड डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, इंजिन ऑइल चुकूनही नको, सगळी सील फुगतात!