नागरिकशास्त्राच्या तासाला तीच ती मुले का बोलतात?

खाडीकाठ: गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला इतिहास व राज्यशास्त्र शिकवतो. चर्चेला विषय दिला की ज्यांच्या घरी पंचायतीवर आणि वर्तमानपत्रावर रोज बोलणे होते त्यांचेच हात वर होतात. होडीवर किंवा कलमबागांत मजुरीला जाणाऱ्यांची मुले पेपरात उत्तरे नीट लिहितात, पण वर्गात तोंड उघडत नाहीत. चर्चेने ही दरी कमी होते, की बोलक्या मुलांचेच आणखी फावते? शिवाय ‘शाळेत राजकारण नको’ असे काही पालक बजावतात.

अभ्यासक: सर, १९९९ मध्ये २८ देशांतील सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांची नागरी शिक्षणाबाबत जी पाहणी झाली, तिच्यात घरी पुस्तके जास्त असलेल्या मुलांचे नागरी ज्ञान जास्त दिसले आणि वर्गात मत मांडण्याची मोकळीक असलेल्या मुलांचेही. भारत त्यात नव्हता, म्हणून हे निष्कर्ष जपून वापरावेत. याच पाहणीतील अमेरिकी माहिती तपासून राज्यशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड कॅम्पबेल यांनी २००८ मध्ये दाखवले की मोकळ्या वर्गामुळे गरीब घरच्या मुलांची उणीव काही अंशी भरून निघते. मात्र कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात असे वर्ग सधन घरच्या मुलांच्याच वाट्याला जास्त येतात, असे आढळले. मला ही बाब अधिक गंभीर वाटते.

देवगडची शिक्षिका: प्रश्न कोणता निवडता, यावर बरेच अवलंबून असते. ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ म्हटले की पाठांतर बाहेर येते. मी राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन (माशांच्या थव्याला घेरून तळाशी आवळणारे मोठे जाळे) मासेमारीवर घातलेल्या निर्बंधांचा विषय घेतला, तेव्हा एरवी गप्प असणाऱ्या रापणकराच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराच्या) मुलाने जाळ्याचा आस (भोक) लहान ठेवला की पिल्ले कशी अडकतात, हे फळ्यावर काढून दाखवले आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई कोणी करायची, असा थेट प्रश्न विचारला. आधी पाच मिनिटे सर्वांनी लिहायचे, मग जोडीने बोलायचे आणि वाचनाची सुरुवात मागच्या बाकापासून करायची, एवढे पथ्य पाळते. पक्षाचे नाव घेत नाही, माझे मत सांगत नाही. पालकांना हे आधीच कळवते.

वाडीवरचा: ताई, हे पटते, पण वर्गात धीट झालेली मुलगी गावात आली की गावकीच्या (गावातील मानकऱ्यांच्या परंपरागत मंडळाच्या) बैठकीत सगळे आधीच ठरलेले असते आणि ग्रामसभेत फक्त माना डोलतात, हे ती डोळ्यांनी बघते. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीचा धडा शिकवताना आपल्याच ग्रामसभेचे इतिवृत्त वर्गात वाचावे: कोणत्या वाडीचा विषय आला, कोण बोलले, कोणाचे नाव कुठेच नाही.

खाडीकाठ: इतिवृत्ताची प्रत मी ग्रामसेवकांकडे मागतो. उन्हाळ्यात टँकर आधी कोणत्या वाडीला पाठवायचा, हा प्रश्न पहिल्या चर्चेला घेईन, कारण त्याचे उत्तर मजुरांच्या मुलांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.