मदत हवी आहे: लेबलवरचं '३३२' बाबांना चालेल का?

नमस्कार. बाबांचं (वय ७१) मूत्रपिंडाचं काम मंदावलंय. मागच्या तपासणीत रक्तातलं पोटॅशियम ५.६ आलं, म्हणून डॉक्टरांनी ते कमी ठेवायला सांगितलंय. फळं-भाज्यांची यादी दिली, पण पाकीटबंद पदार्थांबद्दल तीत अवाक्षर नाही. काल चीज, जॅम आणि सरबताची बाटली भिंग घेऊन वाचली. (ही अक्षरं मुंग्यांसाठी छापतात का?) कुठे आम्लता नियंत्रक, कुठे इमल्सिफायर, पण आकडा एकच, ३३२. म्हणजे पोटॅशियम सायट्रेट. आता गंमत बघा, माझ्या भावाला मुतखड्यासाठी याच नावाच्या गोळ्या चालू आहेत! एकाला औषध तेच दुसऱ्याला वर्ज्य, असं असतं का? आणि लेबलवर प्रमाणच नाही, तर मोजायचं कसं?

प्रतिसाद १:
असतं. सायट्रिक आम्ल पोटॅशियमच्या क्षाराने उदासीन केलं की हे मीठ मिळतं. सायट्रेटचा मुख्य गुण म्हणजे ते कॅल्शियम धरून ठेवतं. चीजमध्ये प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम ते ओढून घेतं, प्रथिनं मोकळी होऊन तुपाचा अंश धरतात आणि वितळताना तेल सुटत नाही. लघवीतही ते कॅल्शियमला असंच अडकवतं, शिवाय लघवीचा आंबटपणा कमी करतं, म्हणून खडा धरायला अडचण होते. जॅम-सरबतात काम साधं आहे, आंबटपणा एका पातळीवर राखायचा. सोडियम सायट्रेटही (३३१) हेच करतं, पण सोडियम कमी दाखवायचं असलं की ३३२ येतं.

आता हिशोब. या मिठात वजनाच्या सुमारे ३६ टक्के पोटॅशियम असतं. चीजमध्ये असे क्षार साधारण २-३ टक्के घालतात. समजा २० ग्रॅमच्या एका चकतीत ते सगळं ३३२च असलं, तर अर्धा ग्रॅम क्षार, म्हणजे जेमतेम १८० मिलिग्रॅम पोटॅशियम. तुमच्या भावाची गोळी १०८० मिलिग्रॅमची असेल तर एकीत ३९० च्या आसपास, आणि अशा दिवसाला कितीतरी. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं बाहेर टाकतं, बाबांचं टाकू शकत नाही. फरक एवढाच आहे. चुकूनही गोळ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

प्रतिसाद २:
आईचं असंच होतं, म्हणून सांगते. भाजी उकळून पाणी फेकलं की थोडं पोटॅशियम जातं, पण पाकिटातलं काढून टाकता येत नाही. तरी जॅममागे लागण्याआधी घरातलं मीठ बघा. 'कमी सोडियम' लिहिलेल्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड (५०८) असतं, आणि त्यात निम्म्याहून जास्त वजन पोटॅशियमचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना पुन्हा दाखवा, स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन आले. दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या बीपीसाठी मीच कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, आणि त्यावर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड आहेच! बरणी बाजूला काढलीय. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करते, भिंग आणि पाकीट दोन्ही घेऊन.