याकिमावरची फ्लाय फिशिंग ट्रिप: बोटीत बसण्याआधी

अनघा:
नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, एलन्सबर्गजवळच्या याकिमा नदीच्या कॅनियनमध्ये गाइडबरोबर दिवसभराची ड्रिफ्ट बोट (प्रवाहाबरोबर वाहत जाणारी वल्ह्यांची बोट) बुक केली आहे. मी आणि आई (वय ६६), दोघी नवख्या. सोबत काय न्यायचं? मासे घरी आणता येतात का?

मंदार:
अनघा, कूलर फक्त पाण्यासाठी ने. त्या पट्ट्यात ट्राउट मासे पकडून सोडायचाच नियम आहे, गळही बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) नसलेलाच लागतो. रॉड, रील, फ्लाय (किड्यासारखा दिसणारा गळ) गाइड देतो, बहुतेक जण जेवणही देतात. लायसन्स मात्र आपलं आपण काढायचं. १५ वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला लागतं, एका दिवसाचंही मिळतं. आदल्या रात्रीच ऑनलाइन काढून प्रिंट घ्या.

याकिमा ऑगस्टमध्ये भरून वाहते. वरच्या धरणांतून खालच्या शेतीला पाणी सोडतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला ते कमी करतात. म्हणून आत्ता पाण्यात उतरून मासेमारी अवघड आणि बोट सोयीची. जोरदार प्रवाहामुळे मासे काठाला, गवताच्या सावलीत चिकटलेले असतात. बोट काठापासून दहा-बारा मीटरवरून जाते आणि नाकतोड्यासारखा फ्लाय काठालगत टाकायचा असतो. लांब फेकण्याची गरजच नसते.

खरं काम फ्लाय पाण्यावर पडल्यावर सुरू होतं. बोट आणि काठ यांच्यामधलं पाणी जास्त वेगाने धावतं, त्यामुळे लाइनचा (फ्लायच्या दोरीचा) मधला भाग पुढे जातो आणि फ्लायला ओढतो. फ्लायच्या मागे बारीक रेघ उठली की समजा, मासा येणार नाही. खरा किडा असा पाणी कापत जात नाही. उपाय म्हणजे मेंड: रॉडचं टोक उचलून लाइनचा फुगलेला भाग हलकेच प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा, फ्लाय न हलवता. फ्लाय बोटीच्या थोडा पुढे, तिरपा टाकला तर मेंड करायला वेळ मिळतो. गाइड "मेंड!" म्हणाला की विचार न करता करा. दिवसभरात हे एवढं जमलं तरी मासे लागतील.

गाइड मधे वल्ह्यांवर, तोंड प्रवाहाच्या दिशेला. पुढची व्यक्ती त्याला सतत दिसते, म्हणून सकाळी आईंना पुढे बसवा. मागचीने पुढचीच्या लाइनवरून फ्लाय टाकायचा नाही. सगळ्यात जास्त गुंता तिथेच होतो. गुंता झालाच तर ओढू नका, रॉड गाइडच्या हातात द्या.

गॉगल आणि टोपी सक्तीची समजा. दुपारी कॅनियनमध्ये वारा सुटतो आणि फ्लाय कुठेही येतो.

सुहासकाका:
मंदारने छान लिहिलंय. थोडी भर घालतो.

मासा वर आला की नवखा माणूस घाईने झटका देतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निघून येतो. त्याला तोंड मिटू द्या, मग रॉड सावकाश उचला. पळाला तर लाइन जाऊ द्या. घट्ट धरली की टिपेट (फ्लायला बांधलेला बारीक दोरा) तुटलंच.

जाळं गाइड धरेल. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला बुरशी लागू शकते. फोटोपुरता चार-पाच सेकंद बाहेर, बाकी वेळ पाण्यात. पाणी २० अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं की बरेच चांगले गाइड थांबतात. सोडलेला मासाही त्या पाण्यात दगावतो. म्हणून पहाटे निघायला सांगितलं तर कुरकुर करू नका. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा, टायरच्या ट्यूबवरून तरंगणाऱ्यांची फार गर्दी असते.

अनघा:
खूप आभार! आईच्या गुडघ्यांचं आणि बाथरूमचं काय?

मेधा:
अनघा, दिवसभर उभं राहावं लागत नाही, बसूनही फ्लाय टाकता येतो. उभं राहिलं तर पुढच्या खाचेत मांड्या टेकवून, आणि खळाळ आला की लगेच बसायचं. उम्टानम आणि बिग पाइन्सला सरकारी रेस्टरूम आहेत. कुठून कुठपर्यंत जाणार आणि वाटेत यातलं कोणतं लागेल ते गाइडला बुकिंगच्या वेळीच विचार, म्हणजे तो थांबे तसे ठेवेल. काठावर उतरताना पाय बघून टाका, तिथे रॅटलस्नेक असतात.

टिप साधारण २० टक्के, रोख. आणि डासांचा डीटवाला स्प्रे हाताला लागला असेल तर लाइनला हात लावण्याआधी साबणाने धुवा, त्याने लाइनचं प्लास्टिक खराब होतं.