ऑडियन्स सेगमेंट सगळ्या जाहिरातदारांना खुले असावेत का?

कवडसा
एका जाहिरात प्लॅटफॉर्मवर अ‍ॅक्सेस सांभाळायचं काम मी सहा वर्षं करते आहे. कुठल्या जाहिरातदाराला कुठला सेगमेंट (म्हणजे आवडीनिवडी किंवा परिस्थितीवरून पाडलेला लोकांचा गट) दिसेल आणि वापरता येईल, ते आमची टीम ठरवते. माझं म्हणणं असं की नवा सेगमेंट तयार होताना बंदच असावा. ज्याला हवा त्याने कशासाठी ते सांगावं आणि ठरावीक मुदतीपुरता उघडून घ्यावा.

हे कशावरून म्हणते, ते सांगते. आमच्याकडे 'कर्जफेडीबद्दल वाचणारे' असा सेगमेंट होता. एका एजन्सीने तो आर्थिक सल्ला देणाऱ्या ग्राहकासाठी मागितला. परवानगी एजन्सीच्या खात्यावर दिली गेली, त्यामुळे त्या खात्याखालच्या सगळ्यांनाच ती आपोआप मिळाली. त्यात चढ्या व्याजाने झटपट कर्ज देणारा एक जण होता. आधीच हप्त्यांनी जेरीला आलेल्या माणसांना तीन आठवडे त्याच्या जाहिराती दिसत राहिल्या. कळल्यावर मी परवानगी काढली, पण तोवर त्याने त्यावरून लुकअलाइक, म्हणजे त्याच माणसांसारख्या दिसणाऱ्या इतरांचा नवा गट, बनवून ठेवला होता. मूळ सेगमेंट बंद झाला तरी लुकअलाइक चालूच राहिला. ते पाहून मला फार अपराधी वाटलं.

ठिपका
प्रसंग वाईट आहे, यात वादच नाही. पण तो सेगमेंट बंदच होता ना? त्यांनी मागितला, तुम्ही दिलात. म्हणजे तुम्ही सुचवताय तोच उपाय तिथे होता आणि तरी नुकसान टळलं नाही.

मी लहान एजन्सीत कॅम्पेन लावतो. मंजुरीची पद्धत आली की काय होतं, ते रोज बघतो. मोठ्या बजेटच्या जाहिरातदाराला प्लॅटफॉर्मने स्वतंत्र माणूस दिलेला असतो, त्याच्या एका फोनवर काम होतं. आमची विनंती रांगेत पडून राहते. कॅम्पेन सोमवारी सुरू करायचं आणि मंजुरी गुरुवारी, असं कितीदा झालंय. शिवाय तपासणार कोण? २०२३ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने झँडर या जाहिरात प्लॅटफॉर्मची यादी समोर आणली. तीत साडेसहा लाख सेगमेंट होते. इतक्या नोंदी माणसं बसून तपासू शकत नाहीत.

रानवाट
त्याच यादीत नैराश्याकडे कल असलेले आणि गर्भचाचणीचे किट वारंवार घेणारे, असेही गट होते. 'तपासणार कोण' यापेक्षा 'हे बनवलेच का' हा प्रश्न मला मोठा वाटतो. जो गट विकायलाच नको, त्याच्या दाराला कुलूप कसलं लावताय?

सरळरेघ
कुलूप किती पुरतं, याचं उदाहरण फेसबुकचं आहे. घरांच्या जाहिरातींतून विशिष्ट वंशगट वगळता येतात, हे प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०१६ मध्ये दाखवलं. मार्च २०१९ च्या समझोत्यात फेसबुकने अमेरिकेतल्या घर, नोकरी आणि कर्जाच्या जाहिरातींसाठी वय, लिंग आणि पिनकोडवरचं टार्गेटिंग (म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते निवडणं) बंद करायचं मान्य केलं. पण त्याच वर्षी संशोधकांनी एक प्रयोग केला. टार्गेटिंग सगळ्यांसाठी सारखंच ठेवलं, तरी नोकरीच्या जाहिराती स्त्री-पुरुषांना कमीजास्त पोहोचल्या, कारण कोणाला दाखवायचं ते शेवटी अल्गोरिदम ठरवत होता. परवानग्या हव्यातच, पण जाहिरात पोहोचली कोणाकडे याचं ऑडिट नसेल तर त्या अर्ध्याच कामाच्या.

कवडसा
ठिपका, मान्य. बंद असणं पुरेसं नव्हतं. परवानगी एजन्सीला न देता एकेका जाहिरातदाराला, एकेका उद्देशापुरती द्यायला हवी होती आणि ती काढताच लुकअलाइकही थांबायला हवा होता. रांगेचं म्हणाल तर खेळ, प्रवास असे सेगमेंट खुशाल खुले ठेवा. माणूस जिथे अडचणीत किंवा आजारी आहे, तेवढेच बंद ठेवा आणि उत्तराची मुदत मोठ्या-लहान सगळ्यांना एकच ठेवा. साडेसहा लाखांतले तपासायचे मग फार उरणार नाहीत.

ठिपका
मुदत एकच असेल तर माझी निम्मी तक्रार मिटली. पण संवेदनशील काय, हे कोण ठरवणार? 'बाळाच्या वस्तू बघणारे' हा साधा गट वाटतो. जिचं बाळ गेलंय तिच्यासाठी तो साधा नाही.

रानवाट
कायद्याची यादीही पुरत नाही. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टने आरोग्य, धर्म, राजकीय मतं अशा माहितीवरून प्रोफाइलिंग करून जाहिराती दाखवायला प्लॅटफॉर्मना मनाई केली. कर्जबाजारीपणा त्या यादीत नाही.

सरळरेघ
आणि साधे सेगमेंट एकावर एक लावले की काय होतं? २०२१ च्या एका अभ्यासात फेसबुकवर एखाद्याच्या सर्वात दुर्मिळ अशा फक्त चार आवडी एकत्र केल्या, तर तो एकटा ओळखू येण्याची शक्यता ९० टक्के निघाली. म्हणून गटात किमान ठरावीक माणसं असावीत, ही अट एकेका सेगमेंटला लावून भागत नाही. सगळे एकत्र करून जो गट उरतो, त्यालाच ती लावली पाहिजे.

ठिपका
ही अट मला चालेल. सिस्टीमच तपासणार, फोन करून ती कोणाला वाकवता येणार नाही. बाळाच्या गटाचं काय करायचं, ते मात्र कवडसा, अजून तुम्ही सांगितलं नाहीत.

कवडसा
तो मी बंद ठेवीन. आणि 'या जाहिराती मला नकोत' असं कोणी एकदा सांगितलं की त्या माणसाला त्या गटातून आणि त्यावरून बनलेल्या प्रत्येक लुकअलाइकमधून त्याच दिवशी काढीन. आमच्याकडे आज याला चौदा दिवस लागतात.