गल्लीतल्या जवानाचं पार्थिव उद्या येतंय, शेजाऱ्यांनी काय काय बघावं?

गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्या गल्लीतला मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीतला, काश्मीरमध्ये शहीद झाला. पार्थिव विमानानं पुण्यापर्यंत आणि पुढं लष्कराच्या गाडीनं येणार, एवढंच कळलंय. वेळ नक्की नाही.

त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, अजून ‘जखमी आहे’ असंच सांगितलंय. गल्लीतली केबल काढून ठेवलीय, तरी त्या उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतायत. त्यांना कळायच्या आधी आम्ही घरी जावं का? दुसरं, पोरांना टेम्पोवर स्पीकर लावायचाय आणि बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो हवेत. मला ते पटत नाही, पण कोण ऐकतंय! आणि माझी मुलगी चौथीत आहे, यायचं म्हणते. न्यावं का? शासकीय इतमाम आम्ही फक्त टीव्हीवर बघितलाय.

माजी_सुभेदार: आधी पुष्पचक्रं वाहतात. मग शोकशस्त्र (बंदुका उलट्या धरून मानवंदना), हवेत तीन फैरी आणि बिगुलावर लास्ट पोस्ट, म्हणजे अखेरच्या निरोपाची धून. तिरंगा चितेवर जात नाही. अग्नी द्यायच्या आधी तो काढून, घडी घालून वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देतात. तेवढा वेळ घोषणा बंद ठेवा आणि मोबाइल खाली घ्यायला सांगा. सॅल्यूट गणवेशातले करतील, आपण सावधान उभं राहायचं. पेटीवर हारांचा ढीग नको. आणि पेटी उघडा असा आग्रह कुणी धरू नये, ते घरचे आणि सोबत आलेले जवान ठरवतील. मुलीला न्या, पण फैरींचं आधी सांगून ठेवा आणि मागं उभी करा. बॅनरवर फोटो त्याचा एकट्याचा.

माहेर_कोरेगाव: दादा, आईला गर्दीतून कळू देऊ नका. गाडी वेशीवर यायच्या आधी जवळच्या माणसानं सांगावं, डॉक्टर शेजारी असावेत. आमच्याकडे सांगायला उशीर झाला, बाहेर घोषणा सुरू झाल्या आणि बाईंना त्यातून कळलं. सुनेजवळ दोन बायका सतत ठेवा, मंत्री आले तरी उठायचं नाही. चूल पेटणार नाही, तेव्हा पाहुण्यांचा चहा-पिठलं गल्लीनं वाटून घ्या. सावडणं झालं की गर्दी पांगते आणि कागदपत्रं सुरू होतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सुनेसोबत जाईल असा एक माणूस आत्ताच ठरवा.

धागाकर्ता: काकूंना सांगायचं मामांनी पत्करलंय, डॉक्टर येतायत. स्पीकर-बॅनरचं पोरांनी सुभेदारसाहेबांचं वाचून ऐकलं, माझं ऐकलं नव्हतं. सैनिक कल्याणच्या कामाला मी जाईन. आता एकच. अंत्यसंस्कार शाळेच्या मैदानात आहेत, कुंपणाला लागून गोठा आहे. फैरींनी बैल बुजतील का?

माजी_सुभेदार: बुजतील. सकाळीच वरच्या शिवारात नेऊन बांधा, सोबत माणूस ठेवा.