फुलाचे पान होते, यात जिवाणूचा डाव किती?

पानफूल: तिळाच्या शेतात एखाद्या झाडाला फुलोऱ्याच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात आणि बोंडे धरत नाहीत. हा पर्णगुच्छ फायटोप्लाझ्मामुळे होतो. हा पेशीभित्तिका नसलेला जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो व तुडतुड्यांमार्फत पसरतो. इंग्लंडमधील नॉर्विच येथील संशोधकांनी अशाच एका फायटोप्लाझ्माचे 'सॅप५४' हे प्रथिन ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातील रोपात निर्माण करवले, तेव्हा फुले पानांसारखी झाली. २०१४ साली त्यांनी दाखवले की हे प्रथिन फुलाची घडण ठरवणाऱ्या जनुकांवर हुकमत चालवणारी 'मॅड्स' गटातील प्रथिने झाडाच्याच आरएडी२३ या प्रथिनाकरवी मोडीत काढते, आणि अशा झाडांवर तुडतुडे अधिक अंडी घालतात. माझ्या मते फूल मोडणे हा वाहक कीटकाला बोलावण्याचाच डाव आहे.

साशंक: असहमत. त्याच गटाच्या २०१६ सालच्या प्रयोगांत, फुलोऱ्यावर न आलेल्या झाडांकडेही सॅप५४ असल्यास तुडतुड्यांचा ओढा दिसला. म्हणजे आमंत्रण पानासारख्या फुलाचे नाही. फुलाचा बिघाड ही त्याच प्रथिनाची दुसरी, कदाचित आनुषंगिक करामत ठरते. दिसायला विलक्षण असलेल्या प्रत्येक लक्षणात हेतू शोधण्याची सवय आपल्याला फार आहे.

पानफूल: फूल हेच आमिष, हा माझा मुद्दा मी मागे घेतो. तरीही बी धरले की तिळासारखे हंगामी झाड वाळू लागते, आणि जिवंत अन्नवाहिन्यांवाचून न जगणाऱ्या जिवाणूला ते परवडणारे नाही. झाड हिरवे राहिले तर त्याचा लाभच आहे.

साशंक: तर्क पटण्याजोगा आहे, पण लाभ होतो म्हणून तेच कारण, असे म्हणता येत नाही. कुंडीतल्या पॉइन्सेटियाला भरपूर फांद्या फुटतात त्याही फायटोप्लाझ्मामुळेच; तिथे लाभ रोपवाटिकेचा होतो, म्हणून जिवाणूने तो योजला असे कोणी म्हणत नाही.

बांधावरून: डाव असो वा अपघात, मला वेगळीच काळजी वाटते. आम्ही रोगट झाड ओळखून उपटतो ते फुलोरा बिघडल्यावर. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये दिसले तसे तिळातही तुडतुडे त्याआधीच ओढले जात असतील, तर आम्ही उपटायला पोहोचेपर्यंत ते शेजारच्या ओळींत गेलेले असणार.