आईला एसटीनं, तेही एकटीनं, महाराष्ट्र बघायचाय. जाऊ देऊ का? आणि तुम्ही कशासाठी, कसे फिरता?

भूगोलाच्या_बाईंची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी आई ६७ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी चौथीच्या वर्गावर. तेव्हा चौथीला महाराष्ट्राचा भूगोल असायचा. फळ्यावर पुस्तक न बघता नकाशा काढायची, आधी किनाऱ्याची रेघ, मग सह्याद्री, मग त्र्यंबकेश्वरपासून खडू न उचलता गोदावरी थेट आंध्राकडे (तेव्हा तेलंगणा नव्हतं). मी तिच्याच वर्गात होते त्यामुळे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

आणि यातलं तिनं स्वतः पाहिलंय काय तर माहेर, सासर, कुलदैवत म्हणून तुळजापूर, एकदा पंढरपूर, बाकी लग्नकार्यं. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता मला म्हणाली, एवढी वर्षं पोरांना लोणार शिकवलं गं, उल्का पडून खड्डा झाला म्हणून सांगितलं, मला तो खड्डा बघायचाय. मग आतून वही घेऊन आली, त्यात यादी. लोणार, वेरूळ, कराडचा कृष्णा-कोयना संगम, पैठणचं जायकवाडी धरण, कोकणातली एखादी खाडी, आणि शेवटी पार सिरोंचा, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथं. प्रत्येकाच्या पुढं धड्याचं नाव लिहिलंय.

भावानं मागच्या हिवाळ्यात तिला एका टूरबरोबर पाठवलं होतं, त्यात वेरूळ होतं. कैलास लेणं कळसापासून खाली पायापर्यंत कोरत आणलंय हे ती मुलांना सांगायची, म्हणून तिला डोंगराच्या बाजूनं वर जाऊन कळस बघायचा होता. चाळीस मिनिटं मिळाली, ती अर्धी वाटही चढली नाही तोवर खालून हाका सुरू झाल्या, चला चला जेवायची वेळ झाली. ती त्याबद्दल काही बोलली नाही पण परत आल्यावर तिनं यादीतलं वेरूळ खोडलं नाही, तेवढ्यावरून मी समजले.

मी म्हटलं माझ्या गाडीनं नेते तर म्हणाली, तुझी गाडी भुर्रकन जाते, मधलं काही दिसत नाही, आणि मला कुठं उतरावंसं वाटलं तर आधी तुझ्या तोंडाकडे बघावं लागतं. तिला एसटीनंच जायचंय. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे ठीक आहेत, रोज चार किलोमीटर चालते. भाऊ म्हणतो या वयात एकटीनं हे काय भलतंच. मला दोन्ही बाजू पटतात त्यामुळे झोप लागत नाही. अनुभव असेल तर प्लीज लिहा. आणि तुम्ही स्वतः कशासाठी फिरता, कशानं फिरता तेही सांगा, आईला वाचून दाखवणार आहे.

लालडब्याचा_माणूस

ताई, मी एसटीत वाहक होतो, २०१९ ला रिटायर झालो. जाऊ द्या बाईंना. पण नीट तयारी करून.

आधी पैशाचं सांगतो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी झाली की २६ ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, गाडी पुढं दुसऱ्या राज्यात जात असेल तर तिथून फुल आकार लागतो. ओळखीसाठी आधार कार्ड जवळ ठेवायचं, आणि ते पर्समध्ये खोल नाही तर हाताशी, गर्दीत वाहकालाही पुढचे पन्नास लोक असतात. 'आवडेल तिथे प्रवास'चा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास असतो तो पण आहे, १९८८ पासून चालू आहे, पण बाई एका गावी जाऊन दोन दिवस राहणार असतील तर त्यांना अर्धं तिकीटच परवडेल असं मला वाटतं, पास रोज भरपूर फिरणाऱ्याला.

सीट पुढची घ्यायची, वाहकाच्या जवळपासची. मागच्या चाकावरची अजिबात नको, कंबर जाते. सकाळची पहिली गाडी धरायची म्हणजे काही बिघाड झाला, गाडी चुकली तरी दिवस हातात राहतो. अंधार पडायच्या आत मुक्कामाचं गाव आलंच पाहिजे. स्टँडवर उतरलं की आधी कंट्रोलरच्या खिडकीवर जाऊन परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून वहीत लिहायच्या, मोबाईलमध्ये बघितलेल्या वेळेवर विसंबू नका. पाणी घरचं. आणि वाहकाला चढतानाच सांगायचं की मी एकटी आहे, अमुक ठिकाणी उतरायचंय. एकदा सांगितलं ना की तो विसरत नाही.

आता मनातलं सांगतो. मी बारा-तेरा वर्षं मुक्कामी गाडीवर होतो. संध्याकाळी शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात नाही तर गाडीतच झोपायचं, आणि सकाळी सहाला दुधाचे कॅन, हायस्कूलची पोरं, तालुक्याला दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत. आणि सकाळी तालुक्याहून पहिल्या फेरीला कोण असायचं तर खेड्यावरच्या शाळांच्या बाई. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तपासलेल्या वह्यांची पिशवी, पावसात पिशवीवर प्लास्टिकचा कागद आणि स्वतः भिजलेल्या. फाट्यावर बाई दिसल्या नाहीत तर ड्रायव्हर स्वतःहून दोन मिनिटं थांबायचा. तुमच्या आईंनी अशी किती वर्षं काढली असतील. एसटी त्यांना नवीन नाही ताई, तुम्हाला नवीन आहे.

मी स्वतः आता कुठं फिरत नाही फारसा. वर्षातून एकदा त्या मुक्कामाच्या गावाला जातो, तिथली माणसं बोलावतात म्हणून.

रेवातीर

वरच्या काकांनी व्यवस्थित सांगितलंय त्यामुळे मी 'कशासाठी' वर लिहिते.

मी नर्मदा परिक्रमा पायी केली, ५८ व्या वर्षी, ओंकारेश्वरपासून. नवसबिवस काही नव्हता. मोठी बहीण दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, मीच करत होते, ती गेल्यावर मला घरात बसवेना एवढंच. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले की अडीच हजारांच्या वर चाल होते. नियम एकच मोठा, मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिला ओलांडायचं नाही. दक्षिण तटानं पश्चिमेकडं निघायचं, गुजरातेत समुद्राशी पोचलं की विमलेश्वरहून नावेनं पलीकडं मिठी तलाईला, आणि मग उत्तर तटानं उलटं अमरकंटकपर्यंत, तिथून वळून परत ओंकारेश्वर.

ती नाव भरतीच्या वेळेवर सुटते. आम्हाला रात्री अडीचला उठवलं, चिखलातून काठीच्या आधारानं नावेपर्यंत गेलो. थंडी म्हणजे काय विचारू नका. माझ्या शेजारी एक आजी बसलेल्या, बहुतेक सत्तरीच्या, त्यांनी काही न बोलता आपल्या घोंगडीचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यांवर टाकला. उजाडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो आणि मला बहिणीचं आजारपण सोडून तिचं लहानपण आठवायला लागलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. ते मला गाडीत बसून मिळालं नसतं, माझ्यापुरतं खात्रीनं सांगते.

पण म्हणून पायीच खरी असं मी म्हणणार नाही आणि तसं कुणी म्हटलं की मला राग येतो. माझ्या नणंदेनं बसनं केली पंधरा-अठरा दिवसांत, तिला सांधेदुखी आहे. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीपुढं ती अर्धा तास नुसती बसून होती म्हणे. स्वामी आमच्याच कोकणातले, माणगावचे, तिचं माहेर तिथून जवळ. तिला तेवढ्यासाठी जायचं होतं, ते झालं. ज्यांना तेवढंही शक्य नाही ते चैत्रात तिलकवाड्याची उत्तरवाहिनी परिक्रमा करतात, साधारण वीस किलोमीटर, एका दिवसात होते.

तुमच्या आईकडं कारण इतकं स्पष्ट आहे की मला हेवा वाटला. वहीत लिहिलेलं आहे. तिला कशानं जायचंय तेही तिला माहीत आहे. अडवू नका.

दोन_तिकिटं

मी जरा वेगळं लिहितो. टूरला सरसकट नावं ठेवू नका. माझे वडील ८१, आई ७६, दोघांना काशीला जायचं होतं आणि मला आठ दिवस रजा मिळेना. टूरबरोबर गेले. वेळेवर गरम जेवण, घाटावर हात धरायला माणूस, रोज रात्री मला फोन. बरोबरच्या एका जोडप्याशी ओळख झाली ती आज इतकी की दिवाळीला फराळाचे डबे इकडून तिकडे जातात. त्यांना गंगा बघायची होती आणि सोबत हवी होती, दोन्ही मिळालं.

तुमच्या आईचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना वेळ हवाय. टूरमध्ये वेळ आपला नसतो हे मान्यच.

सिरोंचाचा बेत मात्र एसटीनं एका दमात नको. पुण्याहून आधी रेल्वेनं नागपूर किंवा चंद्रपूर गाठा, एक दिवस विश्रांती, मग पुढं. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण लोअर बर्थचा कोटा असतो, पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना त्यातून मिळू शकतो, तिकीट काढताना तो पर्याय निवडायचा. आणि तिथं निदान एकजण बरोबर असू द्या. उन्हाळ्यात तर तिकडं नकोच.

जेटीवरची_सायकल

खाडीसाठी लिहितो, कारण मी सायकलनं मुरूडहून रत्नागिरीपर्यंत खाड्याच ओलांडत गेलोय. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. चारही ठिकाणी गाड्या घेणारी फेरीबोट आहे, माणसाला तिकीट अगदी थोडं. मी फिरतो ते खरं सांगायचं तर हातपाय दमवायला, दिवसभर स्क्रीनसमोर काम असतं. पण दाभोळला बोटीवर उभं राहिलं की एका बाजूला वाशिष्ठी येताना दिसते, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे पाणी नक्की कुणाचं ते सांगता येत नाही. खाडी म्हणजे काय हे चौथीत पाठ केलं होतं, कळलं तिथं.

मावशींना दाभोळच सांगा. दापोलीहून एसटीनं दाभोळ, मग पलीकडं धोपावे आणि परत. भरतीला पोचतील असं बघा.

भूगोलाच्या_बाईंची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुक्कामी गाडीचं वाचताना ती मधेच उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. म्हणाली, आमच्याही फाट्यावर थांबायचे, ड्रायव्हरचं नाव कधी विचारलं नाही गं.

आणि आता बातमी. परवा ती कराडला जाऊन आली! एका दिवसात होण्यासारखं म्हणून तिथून सुरुवात केली. स्वारगेटहून सकाळची पहिली गाडी, मी सोडायला गेले होते, पुढची सीट मिळाली. वाहकाला तिनं चढतानाच सांगितलं, एकटी आहे म्हणून. साडेदहाच्या सुमारास फोन, पोचले. मग दुपारपर्यंत काहीच नाही, मी इकडं ऑफिसमध्ये अस्वस्थ. दीडला व्हिडिओ कॉल आला तर समोर ती दिसेचना, फक्त पाणी. मागून तिचा आवाज, नेहमीचा वर्गातला. ही बघ, या बाजूनं कृष्णा, समोरून कोयना, अगदी तोंडासमोर तोंड येऊन भेटतात, आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून पूर्वेला जातात, दिसतंय का? मी म्हटलं दिसतंय. म्हणाली, नीट बघ, मी फळ्यावर तिरकं काढायचे, चुकीचं काढत होते इतकी वर्षं.

प्रीतिसंगमावर ती तीन तास होती. यशवंतरावांच्या समाधीजवळ बसून डबा खाल्ला. तिथं शाळेची सहल आली होती, त्यातल्या चार पोरींना तिनं काठीनं वाळूत दोन्ही नद्या काढून दाखवल्या म्हणे, त्यांच्या सरांनी फोटो काढलाय, तो मला मिळाला नाही याची मला हळहळ आहे. रात्री आठच्या आत घरी. भाऊ स्टँडवर आणायला गेला होता, त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगत आली आणि तो पण काही बोलला नाही, ऐकत होता.

वहीत कराडपुढं तिनं बरोबरची खूण केलीय, लाल पेननं, वह्या तपासायची तशी.

आता लोणार. पावसाळा संपला की जायचं म्हणतेय, दोन मुक्काम, एक दिवस वरून काठानं फिरायला आणि एक दिवस खाली उतरून देवळं बघायला. काका, एक विचारायचं होतं, छत्रपती संभाजीनगरहून थेट लोणारची गाडी धरावी की मेहकरला उतरून बदलावी, दुपारच्या आत पोचायला बरं कुठलं? आणि दाभोळसाठी भरतीच्या वेळा कुठं बघायच्या तेवढं सांगा कुणीतरी, तिला ते वहीत लिहायचंय.